जुन्या उघड्या मोटारी आणि वीस टक्के इथेनॉल: आधी नळ्या बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असते आणि त्यामुळे जुन्या गाड्या संपल्या, असे सोलापुरात गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे बोलले जाते. वाचकांच्या पत्रांतही हाच सूर दिसतो. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, हेरल्ड अशा कापडी हूडच्या, कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणाऱ्या मोटारींची घरीच निगा राखणाऱ्या आम्हा मंडळींना या चर्चेत थोडी तांत्रिक भर घालावीशी वाटते. या गाड्या इथेनॉलच्या पेट्रोलावर चालतात. अट एवढीच की इंधनाच्या वाटेवरचे सगळे जुने रबर बदलायचे, कार्बोरेटर नव्या पेट्रोलाला जुळवून घ्यायचा आणि एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोल उकळू द्यायचे नाही. तिन्ही कामे घरच्या अंगणात होतात. पहिले काम टाळले तर मात्र गाडी नुसती बंद पडत नाही, पेट घेऊ शकते. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

२०१८ च्या जैवइंधन धोरणात वीस टक्के मिश्रणासाठी २०३० हे वर्ष ठरले होते. पुढे ते २०२५-२६ वर आणले गेले. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ मध्ये तेच सर्वत्र नेहमीचे झाले. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे, ऊस लावणारे आपलेच लोक आहेत. इथेनॉलला विरोध करण्यासाठी हे पत्र नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. त्या वेळी तिच्या नळ्या आणि वॉशर ज्या पेट्रोलासाठी निवडले, ते पेट्रोल आता मिळत नाही, एवढीच वस्तुस्थिती आहे.

इथेनॉल जुन्या गाडीत नेमके काय करते? ते चांगले द्रावक आहे. टाकीच्या तळाशी आणि पाइपाच्या आत वर्षानुवर्षे चिकटलेला राळेसारखा थर आणि गंज ते सोडवते, आणि तो सगळा गाळ फिल्टरात व कार्बोरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये, येतो. पहिल्या दोन-तीन टाक्यांत गाडी आचके देऊ लागली तर बहुतेक वेळा कारण हेच असते. जुन्या नायट्राइल आणि नैसर्गिक रबरात ते शिरते. रबर फुगते, मऊ पडते, आणि गाडी उभी राहून सुकली की कडक होऊन तडकते. ते पाणीही ओढते. पाणी थोडे असेल तर पोटात घेते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो. तो पेट्रोलापेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतो, म्हणजे जिथून पंप ओढतो तिथेच, आणि टाकीचा शिसे-कथलाचा मुलामा खातो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलाला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. जुना कार्बोरेटर मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो, त्यामुळे इंजिन सात-आठ टक्के लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे, चालते.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल किती, हे घरी बघता येते. १०० मिलिलिटरचे काचेचे मापनपात्र घ्यावे. त्यात आधी बरोबर २० मिलि पाणी, मग १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून मिनिटभर हलवावे, मग दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. तो २० वरून ३६ च्या जवळ गेला तर ८० मिलि पेट्रोलात १६ मिलि इथेनॉल होते, म्हणजे वीस टक्के. थर ३५ दिसला तरी काळजी नको, दोन द्रव मिसळताना आकारमान किंचित घटते. हे काम उघड्यावर करावे, जवळ गीझर, शेगडी, चालू स्विच काही नको. चाचणीचे पेट्रोल पुन्हा गाडीत घालू नये.

याच चाचणीवरून काही जण एक भलताच उद्योग करतात: कॅनभर पेट्रोल पाण्याने धुऊन इथेनॉल काढतात आणि वरचे पेट्रोल गाडीत भरतात. कृपया कोणी करू नये. तेल कंपनी वीस टक्के इथेनॉल धरूनच पेट्रोलाचा ऑक्टेन (इंजिन न खडखडता दाब सोसण्याची क्षमता) ठरवते. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो; इथेनॉल काढले की उरते ते कमी ऑक्टेनचे, पाण्याचा अंश असलेले पेट्रोल. एमजीबीचे ८.८ ला १ दाबाचे इंजिन त्यावर चढाला खडखडते आणि पिस्टनला इजा होते. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांबद्दलही असेच सांगता येईल. गंजरोधक बाटली उभ्या गाडीच्या टाकीला थोडी मदत करते, पण फुगलेली नळी कोणतीही बाटली बरी करत नाही, आणि लीन झालेले मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेले) करत नाही.

आता मुख्य काम, नळ्या. एमजीबीवर रबरी तुकडे चार-पाचच असतात: टाकी ते पंप, पंप ते पोलादी पाइप, इंजिनाजवळ पाइप ते कार्बोरेटर, आणि दोन कार्बोरेटरांमधला तुकडा. सगळे मिळून दीड-दोन मीटर नळी पुरते. जुन्या नळीचा बाहेरचा व्यास फुगलेला असतो, म्हणून माप धातूच्या तोंडाचे घ्यावे. गाडीगणिक ते पाव इंच किंवा ५/१६ इंच निघते. विकत घेताना नळीवर एसएई जे३० आर९ (SAE J30 R9) हे मानक छापलेले पाहावे. या जातीच्या नळीला आतून व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे, अस्तर असते. आर६ किंवा आर७ लिहिलेली नळी नव्या पेट्रोलाला फार काळ टिकत नाही, दिसायला मात्र दोन्ही काळ्याच. शहरात यंत्रमाग आणि कारखान्यांची यंत्रे दुरुस्त होतात, त्यामुळे ऑइल सील आणि ओ-रिंग विकणाऱ्या दुकानांत व्हिटॉन हे नाव नवे नाही. नळीवर काहीच छापलेले नसेल आणि दुकानदार नुसते तोंडी सांगत असेल, तर दहा सेंटिमीटरचा तुकडा आणून लांबी आणि जाडी मोजावी, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलात सात दिवस बुडवून ठेवावा, मग पुन्हा मोजावा. तुकडा दिसण्याइतका वाढला, बोटाला काळे लागले किंवा पेट्रोल चहासारखे झाले, तर ती नळी बागेला पाणी घालायला ठेवावी.

क्लिपा पेचाच्या, खाचा कापलेल्या पट्टीच्या नकोत. त्या खाचा नव्या नळीत घुसतात आणि आतले अस्तर कापतात. कडा वळवलेली, आतून सपाट पट्टीची इंधनाची क्लिप लावावी. घट्ट करताना रबर क्लिपेच्या दोन्ही बाजूंनी किंचित उठले की थांबावे. एमजीबीत कार्बोरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसतात, दोन्ही एकाच बाजूला. तिथल्या नळीतून पडलेला थेंब तापलेल्या लोखंडावरच पडतो. गाडीत दोन किलोचे कोरड्या पावडरीचे अग्निशामक असावे आणि ते डिकीत नव्हे, बसल्या जागी हाताला लागेल असे बसवावे.

मागच्या नळ्या बदलायला गाडी उचलावी लागते, आणि उघड्या गाडीचे इथेच वेगळेपण आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, वर छतही नाही; पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचे काम दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळया, म्हणजे सिल, करतात. आपल्याकडची काळी माती धुळीच्या रूपाने सिलमध्ये शिरते, खालची निचऱ्याची भोके बुजवते आणि एकदा भिजली की ओल महिनोन्महिने सोडत नाही. पत्रा आतून कुजतो, बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजून ठेवावी, मग जॅक लावून पुन्हा मोजावी. वरची फट मिटत चालली किंवा दार उघडेना, तर सिल गेली आहे. अशी गाडी त्या जागी उचलू नये. मागच्या ॲक्सलखाली जॅक घ्यावा आणि ॲक्सलखालीच दोन स्टँड लावावेत. सिल बदलायची वेळ आली तर दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड केल्याशिवाय जुना पत्रा कापू देऊ नका, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दारे पुन्हा कधी बसत नाहीत.

हेरल्ड आणि स्पिटफायरला चासी असते, त्यांची दुखती जागा पुढे आहे. इथेनॉलशी तिचा संबंध नाही, पण जिवाशी आहे. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली पितळी सांध्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, आट्यांवर फिरतो. त्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, ९० नंबरचे गिअर ऑइल द्यायचे असते. ग्रीस सुकून आट्या कोरड्या पडतात, पाणी शिरते, दांडा गंजतो आणि एखाद्या वळणावर तळाशी तुटून चाक आडवे होते. खालचा बोल्ट काढून तिथे निपल बसवावी आणि वरच्या सीलमधून स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत तेलगनने भरावे. पुस्तकात दर सहा हजार मैलांना सांगितले आहे. आपल्या धुळीत वर्षातून दोनदा तरी करावे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बनवलेल्या आपल्या हेरल्डलाही हेच लागू आहे. त्यांत ग्रीस भरणारे गॅरेजवाले अजूनही भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पंपाकडे वळू. एमजीबीचा एसयू कंपनीचा विजेचा पंप मागे उजव्या चाकाजवळ असतो, आणि त्याच्या टिकटिकीवरून अर्धे निदान होते. चावी फिरवल्यावर आवाजच नसेल तर पंपातले पॉइंट (विजेचे संपर्क) जळाले आहेत किंवा अर्थ सुटला आहे. टिकटिक भराभर होते पण पेट्रोल येत नाही, म्हणजे टाकी ते पंप या भागात हवा शिरते आहे, बहुधा तडकलेल्या नळीतून. इंजिन बंद, चावी चालू, आणि पंप मधूनमधून टिकटिकतोच आहे, म्हणजे पेट्रोल कुठेतरी जाते आहे: कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी निडल गळते किंवा कुठे गळती आहे. लगेच चावी बंद करून बघावे. हेरल्ड-स्पिटफायरला पंप ब्लॉकला लागून, कॅमशाफ्टवर चालणारा. त्याचा डायाफ्राम फाटला तर पेट्रोल थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरते. डिपस्टिकवर तेल वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलाचा वास आला तर इंजिन अजिबात चालू करू नये. पातळ तेलाने बेअरिंगे जातात. नव्या पेट्रोलाला चालणारा डायाफ्रामचा संच घ्यावा आणि तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत. फिल्टर पंप आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये, एक्झॉस्टपासून लांब, धातूच्या कवचाचा बसवावा. एसयू पंपाच्या ओढीच्या बाजूला बारीक फिल्टर नको, तो पंप ढकलण्यात चांगला आहे, ओढण्यात नाही. पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर काढून पांढऱ्या बशीत झटकावा. तांबूस भुकटी निघाली तर टाकी उतरवायची वेळ आली.

टाकीला भोके पडली असतील तर नवीच बसवावी. रिकाम्या टाकीत वाफ राहते. तिला घरी वेल्डिंग करणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. आतून लेप द्यायचा तर इथेनॉल सोसणारा इपॉक्सी लेपच हवा. पूर्वीचे काही लेप इथेनॉलात मऊ पडून सालपटे सुटतात आणि पाइप तुंबवतात, ते काढणे गंजापेक्षा अवघड.

कार्बोरेटरमध्ये तीन वस्तू बदलाव्यात: फ्लोट चेंबरची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलाच्या वाटीची) निडल व सीट व्हिटॉन टोकाची, झाकणाचे वॉशर, आणि एसयू एचएस जातीत फ्लोट चेंबरपासून जेटपर्यंत जाणारी बारीक नळी तिच्या रबरी सीलसह. जुन्या टी मालिकेच्या एमजीत जेटला बुचाच्या सीली असतात, त्या सुकल्या की गळतात. झाकण उलटे धरून फ्लोटची उंची तपासावी; एचएस४ मध्ये फ्लोट आणि झाकणाची कड यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर हवे. गाडीच्या मडगार्डवर जुनी सोलापुरी चादर टाकावी, रंगाला ओरखडा जात नाही. उघडलेल्या कार्बोरेटरजवळ मात्र टेरी टॉवेल नको. त्याचा एक सुटा धागा जेटमध्ये अडकला तर दोष शोधण्यात दिवस जातो.

मिश्रण जुळवताना क्रम पाळावा: आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, मग प्लग, सर्वांत शेवटी कार्बोरेटर. एमजीबीच्या बी सिरीज इंजिनाचे टॅपेट थंड असताना ०.०१५ इंच, हेरल्ड-स्पिटफायरचे ०.०१०. नवाचा नियम लक्षात ठेवावा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला, सातवा असताना दुसरा, बेरीज नेहमी ९. पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५. ज्यांनी अ‍ॅम्बॅसडर सांभाळली आहे त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच बी सिरीज कुळातले. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन त्याचेच मोठे भावंड, म्हणून अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेला जुना मिस्त्री या गाडीपुढे गोंधळत नाही. सुटे भाग मात्र तपासल्याशिवाय एकाचे दुसऱ्याला लावू नयेत.

टॅपेटची फट दर वेळी कमी झालेली आढळली तर तो वेगळा रोग आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करत असे. ते गेल्याने जुन्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीट झिजतात आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवणे, हाच उपाय. याचे खापर इथेनॉलवर फोडू नये. लीन चालणारे, तापलेले इंजिन ही झीज वाढवते, एवढे मात्र खरे.

आता एसयू कार्बोरेटर. दोन्ही जेट आधी पुलाच्या (पिस्टन टेकतो त्या आतल्या उंचवट्याच्या) पातळीला आणून खालचा नट पूर्ण दोन फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली घ्यावा. ही मूळ जागा. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणावे, दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी रबरी नळीचे टोक धरून हवेचा आवाज सारखा करावा, मग एका कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच. वेग पडला, इंजिन बंद पडू लागले तर लीन. किंचित वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर. वीस टक्के इथेनॉलवर बहुतेक गाड्यांना मूळ जागेपासून एक ते तीन पैलू आणखी खाली जावे लागते; दोन्ही नट सारखेच फिरवावेत. एवढ्याने निष्क्रिय गतीला बरे वाटून चढाला गाडी ओढेना, कार्बोरेटरमधून शिंक येऊ लागली, चोक जास्त वेळ लागला, तर जेटमध्ये उतरणारी, पिस्टनची निडल एक पायरी रिच घ्यावी. डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) २० नंबरचे तेल पोकळ दांड्याच्या अर्धा इंच वर. हेरल्डच्या सोलेक्स कार्बोरेटरला अशी निडल नाही, तिथे मेन जेट बदलावा. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. ११५ चा १२० केला की भोकाचे क्षेत्रफळ सुमारे नऊ टक्के वाढते, आपल्याला हवे तेवढेच. जुना जेट ड्रिलने मोठा करू नये. प्लगचा रंग पाहून ठरवणाऱ्यांना एक सूचना: या पेट्रोलावर प्लग पूर्वीसारखा बिस्किटी होत नाही, फिकाच राहतो. तो तपकिरी करण्याच्या नादात मिश्रण नको तितके रिच होते. पांढराशुभ्र आणि टोके फोड आल्यासारखी दिसली, तरच काळजी.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा भाग उरला. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पण पेट्रोलातल्या हलक्या घटकांसोबत ते त्याच्या बरेच आधी वाफ होऊ लागते. बाहेर ४३ अंश असताना तुळजापूरचा घाट चढून गाडी थांबवली की रेडिएटरची हवा बंद होते, बॉनेटखाली उष्णता साचते आणि दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून जेटमधून वर येते आणि मॅनिफोल्ड भिजवते. तेव्हा पेट्रोलाचा वास येतो, प्लग ओले निघतात. अशा वेळी चोक न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर मारावा. दुसरी गोष्ट म्हणजे पंपात किंवा पाइपात वाफेचा फुगा अडकतो; तेव्हा वास नाही, फ्लोट चेंबर रिकामा. त्यावर पंपावर ओले फडके आणि पंधरा मिनिटांची सावली. ओल्या प्लगच्या गाडीला पंप बदलून काही होत नाही, म्हणून आधी कोणता प्रकार आहे ते ओळखावे.

कायमचा बंदोबस्त स्वस्त आहे. एमजीबीत मॅनिफोल्ड, गॅस्केट, इन्सुलेटरचा जाड ठोकळा, गॅस्केट, पत्र्याची उष्णतारोधक ढाल, गॅस्केट, कार्बोरेटर असा क्रम असतो. कोणीतरी कधीतरी पाना घालायला अडते म्हणून ती ढाल काढून फेकलेली असते. ती परत बसवावी. जुन्या ढालीवरचे अस्तर ॲस्बेस्टॉसचे असते. कोरडे खरवडू नये, ओले करून, तोंडाला योग्य मास्क लावून काढावे. पेट्रोलाचा पाइप रॉकर कव्हर किंवा थर्मोस्टॅटच्या घराला टेकू नये. थर्मोस्टॅट ८२ ऐवजी ७४ अंशांचा घालावा, कारखान्याने उष्ण प्रदेशासाठी तोच सांगितला आहे. थर्मोस्टॅट काढूनच टाकणे हा उपाय नव्हे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्यातला क्षार ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती बसतो, आणि तिथलाच निचऱ्याचा नळ बहुतेक गाड्यांत चोंदलेला सापडतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, साधारण साडेपाच लिटर लागते.

शेवटी उभ्या गाडीची गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळते. क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणजे तिच्या टाकीत पेट्रोल पडून राहणार, हे धरूनच चालावे. जूनच्या आधी टाकी काठोकाठ नव्हे पण जवळपास भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. किंवा पूर्ण रिकामी करावी. अर्धी टाकी सर्वांत वाईट. दोन महिन्यांपेक्षा जुने पेट्रोल ठेवू नये. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. जागेवर पाच मिनिटे चालू ठेवल्याने तेलात पाणी आणि पेट्रोल साचते, फायदा काही होत नाही. लांब उभी करायची तर पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, फ्लोट चेंबर रिकामे होतात.

काढलेले जुने पेट्रोल गटारात ओतू नये. गाळून घ्यावे, पाण्याचा थर दिसत नसेल तर घरच्या नव्या गाडीच्या जवळपास भरलेल्या टाकीत एक-दोन लिटर करून संपवता येते. पंपचालकांना विनंती अशी की मिश्रणाची टक्केवारी नोझलजवळ मराठीत ठळक लिहावी. आकडा कळला तर कार्बोरेटर त्याला जुळवता येतो. शहरातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनाही विनंती आहे की मोटार मेकॅनिकच्या वर्गात कार्बोरेटरचे दोन दिवस तरी ठेवावेत. एखादी संस्था तयार असेल तर आमच्याकडचे जुने एसयू आणि सोलेक्स कार्बोरेटर मुलांना उघडून-जोडून बघायला आम्ही देऊ.

आपले,
जुन्या मोटारींची घरी निगा राखणारे काही वाचक,
सोलापूर